उशाशी पिस्तूल की कोपऱ्यात बंदूक

शिकागोच्या दक्षिण भागातल्या मॉर्गन पार्क वस्तीत राहणाऱ्या ओटिस मॅकडॉनल्ड यांच्याकडे बंदुका होत्या. शिकारीसाठी घेतलेल्या, रीतसर, कायदेशीर शॉटगन. तरीही सत्तरी ओलांडलेल्या या निवृत्त गृहस्थांनी आपल्याच शहरावर खटला भरला, कारण त्यांना पिस्तूल हवे होते. त्यांच्या घरात चोर शिरून गेले होते, वस्तीत अमली पदार्थांच्या टोळ्या वाढल्या होत्या, आणि अपरात्री एवढी लांब बंदूक उचलून वळवणे आपल्याला जमणार नाही असे त्यांना वाटत होते. शिकागो शहराने १९८२ पासून पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली होती. म्हणजे घरात शॉटगन ठेवायला हरकत नाही, पिस्तूल मात्र ठेवायचे नाही. २८ जून २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मॅकडॉनल्ड यांच्या बाजूने निकाल दिला.

शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काचा खटला म्हणून तो गाजला आणि तो तसा होताच. पण त्याच्या मुळाशी अगदी घरगुती प्रश्न होता. रात्री दोन वाजता खाली काच फुटल्याचा आवाज आला, तर हातात काय असावे? अमेरिकेत हा प्रश्न कोट्यवधी घरांत विचारला जातो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठे कारण दिले. शिकार मागे पडली आहे, घराची राखण पुढे आली आहे. त्याबरोबर निवडही बदलली. त्याच संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत, ज्यांच्याकडे एकच शस्त्र होते त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांकडे ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होते.

या निवडीची कारणे एका न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहून ठेवली आहेत. मॅकडॉनल्ड खटल्याच्या दोन वर्षे आधी, २६ जून २००८ रोजी, वॉशिंग्टन शहराच्या कायद्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल त्याच न्यायालयात लागला. त्या शहराने १९७६ पासून पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. शॉटगन किंवा रायफल ठेवता येई, पण ती रिकामी आणि सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून. खटला भरणारे डिक हेलर हे सरकारी इमारतीवर पहारा देणारे सुरक्षा अधिकारी होते. कामावर त्यांच्या कमरेला पिस्तूल असे, घरी मात्र ते ठेवण्याची परवानगी नव्हती. शहराचा युक्तिवाद असा की लांब बंदूक तर आहे ना, मग पिस्तूल कशाला? बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी त्याला थेट उत्तर दिले. पिस्तूल पटकन हाताशी येईल अशा जागी ठेवता येते. हल्लेखोराला ते हिसकावणे किंवा त्याची दिशा वळवणे कठीण जाते. लांब बंदूक उचलून नेम धरण्याइतके बळ ज्यांच्या खांद्यांत नाही, त्यांनाही ते वापरता येते. आणि एका हाताने ते चोरावर रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो.

निकालाविरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी याच यादीकडे बोट दाखवले. पिस्तुलाच्या ज्या गुणांमुळे ते स्वसंरक्षणाला सोयीचे ठरते, त्याच गुणांमुळे ते विशेष घातकही ठरते, असे त्यांनी नोंदवले. हक्काच्या प्रश्नावर स्कॅलिया जिंकले. घराच्या प्रश्नावर मात्र ब्रायर यांचे वाक्य अधिक खोल जाते. ते का, हे समजण्यासाठी आधी ही शस्त्रे नेमकी काय आहेत ते पाहावे लागते.

अमेरिकी घरात साधारण तीन पर्याय असतात. पहिला, ९ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. दुसरा, शॉटगन. आपल्याकडे गावोगावी माहीत असलेली बारा बोअरची बंदूक ती हीच. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. तिसरा पर्याय रायफल, आणि हल्ली बहुतेक वेळा एआर-१५. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट या कंपनीत १९५० च्या दशकात केलेल्या रचनेतून ती आली.

आकडे पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. ९ मिलिमीटरची गोळी सात-आठ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर आणि ऊर्जा पाचशे ज्यूलच्या आसपास. एआर-१५ ची गोळी याच्या निम्म्या वजनाची, पण वेग सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे, त्यामुळे ऊर्जा तिपटीहून अधिक. बारा बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसात साडेआठ मिलिमीटरचे आठ-नऊ छर्रे एकदम सुटतात आणि त्यांची एकत्रित ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या वर जाते. निव्वळ माऱ्याच्या जोरात पिस्तूल या दोघांच्या जवळपासही येत नाही.

हा धडा अमेरिकेच्या एफबीआयला फार महागात मिळाला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीजवळ आठ एजंटांनी बँका लुटणाऱ्या दोघांना गाठले. मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स हे दोघेही लष्करात राहून आलेले. एजंटांकडे बहुतांशी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले होती, प्लॅटकडे रुगर कंपनीची मिनी-१४ रायफल. चकमक सुरू होताच एजंट जेरी डव्ह यांची ९ मिलिमीटरची गोळी प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुस फाडून हृदयापासून इंचभर अलीकडे थांबली. ती जखम जीवघेणी होती, पण त्यानंतरही प्लॅट लढत राहिला. जेरी डव्ह आणि बेन ग्रोगन हे दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले.

पुढच्या वर्षांत एफबीआयने पिस्तुलाच्या गोळ्यांचा कसून अभ्यास केला आणि गोळी शरीरात किमान बारा इंच आत गेली पाहिजे असा निकष ठरवला. एका गोळीत माणूस मागे फेकला जातो ही चित्रपटातली गोष्ट त्या अभ्यासाने मोडीत काढली.

पण त्या चकमकीचा शेवट तितकाच बोलका आहे आणि तो सहसा अर्धाच सांगितला जातो. एजंट एडमुंडो मिरेलेस यांचा डावा हात गोळीने निकामी झाला होता. त्यांनी बारा बोअरची पंप शॉटगन गाडीच्या आधाराने एका हाताने चालवली. ही बंदूक दर बारानंतर पुढची पकड मागे-पुढे ओढल्याशिवाय दुसरे काडतूस घेत नाही आणि हे काम दोन हातांचे आहे. मिरेलेस यांनी ते एका हाताने पाच वेळा केले. बंदूक रिकामी झाल्यावर उठून चालत जाऊन रिव्हॉल्व्हरने त्यांनी चकमक संपवली. लांब बंदुकीची ताकद आणि तिची अडचण, पिस्तुलाचे दुबळेपण आणि त्याची सोय, ही चारही त्या काही मिनिटांत एकाच माणसाच्या वाट्याला आली.

ताकदीइतकाच नेमाचा प्रश्न. लांब बंदूक दोन हात, खांदा आणि गाल अशा चार ठिकाणी टेकते, म्हणून ती स्थिर राहते. पिस्तूल फक्त हातांच्या भरवशावर असते आणि त्याची नळी इतकी आखूड की मनगट किंचित हलले तरी गोळी भलतीकडे जाते. रँड संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास केला, त्यात १९९८ ते २००६ या काळात दुतर्फा गोळीबार झालेल्या प्रसंगी पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्याच लक्ष्याला लागल्याचे दिसले. समोरून गोळीबार नसताना हे प्रमाण ३० होते. ही प्रशिक्षित, नियमित सराव करणारी माणसे. झोपेतून दचकून उठलेला, चष्मा शोधणारा घरमालक याहून बरा नेम धरेल अशी अपेक्षा धरता येत नाही. उरलेल्या गोळ्या कुठे जातात, याकडे पुढे यायचेच आहे.

मग लांब बंदूकच का घेऊ नये? जागा नसते म्हणून. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, खास नोंदणी न करता ठेवायच्या शॉटगनची नळी किमान १८ इंच आणि रायफलची किमान १६ इंच हवी. दस्ता धरून साध्या पंप शॉटगनची एकूण लांबी मीटरभर होते. तिथल्या घरबांधणीच्या प्रचलित संहितेत मार्गिकेची किमान रुंदी तीन फूट, म्हणजे ९१ सेंटिमीटर. बंदूक मार्गिकेच्या रुंदीपेक्षा लांब! कोपरा वळताना माणसाआधी नळी पुढे जाते, आणि कोपऱ्यापलीकडे कोणी उभा असेल तर ती त्याच्या हाताशी आयतीच येते.

या १८ आणि १६ इंचांमागचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९३४ साली, दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर, राष्ट्रीय शस्त्र कायद्याचा मसुदा तयार झाला तेव्हा त्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरही जबर कर आणि नोंदणी होती. पिस्तुलावर निर्बंध आले की लोक रायफलीची नळी कापून तिचेच पिस्तूल करतील, म्हणून नळीच्या किमान लांबीचे कलम जोडले गेले. विरोध झाल्यावर पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली. कापलेल्या नळीचे कलम मात्र तसेच राहिले. ज्या शस्त्राची जागा भरून काढू नये म्हणून नियम केला ते शस्त्र मोकळे सुटले, आणि आज घरात वावरायला सोपी पडेल अशी आखूड रायफल ठेवायची तर पिस्तुलापेक्षा जास्त कागदपत्रे लागतात.

शॉटगनचे नाव निघाले की अमेरिकेत जो बायडेन यांची आठवण काढली जाते. उपाध्यक्ष असताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये, पालकांच्या एका मासिकाने घेतलेल्या ऑनलाइन प्रश्नोत्तरांत त्यांनी एआर-१५ ऐवजी शॉटगन घ्या, ती वापरायला सोपी, असा सल्ला दिला. काही गडबड वाटली तर सज्जावर येऊन दोन बार काढ, असे आपण पत्नीला सांगून ठेवल्याचेही ते म्हणाले. सल्ल्याचा पहिला भाग वादाचा म्हणून सोडून देता येईल. दुसरा भाग सरळसरळ धोक्याचा होता. इशाऱ्यासाठी हवेत बार काढणे हा अनेक ठिकाणी गुन्हा आहे, आणि दुनळी बंदुकीतून दोन बार काढले की ती रिकामी होते. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या एका माणसाने चोरांना पळवण्यासाठी हवेत शॉटगन उडवली, त्याच्यावर बेकायदा गोळीबाराचा आरोप ठेवला गेला, आणि त्याने पत्रकारांना सांगितले की आपण उपाध्यक्षांचेच ऐकले.

शॉटगनभोवती समजुतींचे जाळेही दाट आहे. तिला नेम लागत नाही, छर्रे पसरतात, कुणाला ना कुणाला लागतातच, असे म्हणतात. प्रत्यक्षात खोलीच्या अंतरावर, पाच-सहा मीटरवर, छर्रे तळहाताएवढ्या जागेतच असतात. नेम चुकला की सगळेच चुकतात. दुसरी समजूत अशी की पंप ओढल्याचा तो खडखडाट ऐकूनच चोर पळतो. पळेलही. पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळते, आणि त्याच्याकडे शस्त्र असेल तर ही माहिती त्याच्याच उपयोगाची. शिवाय बारा बोअरचा धक्का मोठा असतो. सडपातळ माणसाला दुसरा बार नेमका मारणे अवघड जाते. या एका बाबतीत एआर-१५ शॉटगनपेक्षा सोपी आहे, कारण तिचा धक्का अगदी कमी.

आता भिंतींकडे. अमेरिकी घराची आतली भिंत म्हणजे लाकडी खांबांच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते आणि मधे पोकळी. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतीतली नऊ इंची विटांची भिंत तिथे नसते. पिस्तुलाची गोळी अशा कित्येक भिंती ओलांडते. मोठे छर्रेही ओलांडतात. रायफलची गोळी सर्वांत जास्त आरपार जाईल असे कुणालाही वाटेल, पण चाचण्यांत काही वेगळेच आढळले. एआर-१५ ची हलकी, वेगवान गोळी पहिल्या-दुसऱ्या अडथळ्यालाच कोलमडते किंवा फुटते, आणि काही प्रकारच्या गोळ्या ९ मिलिमीटरपेक्षा कमी भिंती ओलांडतात. अनेक पोलीस पथकांनी १९९० च्या दशकात ९ मिलिमीटरच्या सबमशीनगन सोडून अशा रायफली घेतल्या, त्यामागे हेही एक कारण होते. तरी कोणतीही निवड केली तरी भिंतीपलीकडचे मूल सुरक्षित, असे म्हणता येत नाही. बारीक छर्रे भिंतीत अडकतात खरे, पण ते माणसाला थांबवण्याइतके आतही जात नाहीत. भिंतीपलीकडे जाऊ नये आणि माणसात मात्र जावे, अशी गोळी कुणी बनवलेली नाही.

१३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर लुईव्हिल शहरातल्या एका अपार्टमेंटचे दार पोलिसांनी फोडले. आत ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची आरोग्यसेविका आणि तिचा मित्र होते. चोर शिरले असे वाटून मित्राने आपल्या परवानाधारक ९ मिलिमीटरच्या पिस्तुलातून एक गोळी झाडली, ती एका अधिकाऱ्याच्या मांडीत लागली. पोलिसांनी ३२ गोळ्या झाडल्या. ब्रिओना मरण पावली. काही गोळ्या भिंतीतून शेजारच्या घरात गेल्या, जिथे एक गर्भवती स्त्री, तिचा जोडीदार आणि पाच वर्षांचे मूल होते. ते वाचले. मित्रावरचे आरोप नंतर कायमचे मागे घेतले गेले, कारण आपल्या घरात, चोर समजून, स्वसंरक्षणार्थ झाडलेली ती गोळी होती. जगभर निदर्शने झाली ती पोलिसांच्या वर्तनावरून, आणि ती रास्तच होती. पण पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने त्या रात्रीचा आणखी एक तपशील ध्यानात घ्यायला हवा. शस्त्र हाताशी होते, वापरणारा सावध होता, कायदा त्याच्या बाजूने होता, आणि तरी ज्या माणसाचे रक्षण करायचे तेच माणूस गेले.

दारापलीकडे कोण आहे हे न कळणे, हीच या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी गफलत. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे योशिहिरो हात्तोरी हा जपानहून आलेला १६ वर्षांचा विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला. घरमालकाने जबर ताकदीच्या रिव्हॉल्व्हरने त्याला गोळी घातली. थांबण्याचा इशारा इंग्रजीत दिला होता, तो त्या मुलाला उमगला नाही. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला, दिवाणी खटल्यात भरपाई द्यावी लागली. २०१३ मध्ये मिशिगनमध्ये गाडीच्या अपघातानंतर पहाटे एका घराचे दार ठोठावणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणीला जाळीच्या दारातून गोळी लागली. तिथे शस्त्र होते शॉटगन, आणि घरमालकाला खुनासाठी तुरुंगवास झाला. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेला १६ वर्षांचा मुलगा पत्ता चुकला, तेव्हा काचेच्या दारातून आलेली गोळी रिव्हॉल्व्हरची होती. तो वाचला.

दोनदा रिव्हॉल्व्हर, एकदा शॉटगन. शस्त्र बदलले असते तर यातले काय बदलले असते? काहीच नाही. दिवा लावून, दार न उघडता विचारले असते तर सगळेच बदलले असते. म्हणून तिथले चांगले प्रशिक्षक बंदुकीआधी टॉर्च घ्या म्हणतात. पिस्तूल एका हातात आणि टॉर्च दुसऱ्या हातात धरता येतो. लांब बंदुकीला तो नळीखालीच बसवावा लागतो, आणि मग जे पाहायचे त्यावर भरलेली बंदूक रोखल्याशिवाय ते दिसत नाही. तिथे उभा असणारा आपलाच पाणी प्यायला उठलेला मुलगाही असू शकतो.

प्रत्यक्षात लोक काय वापरतात? जॉर्जटाउन विद्यापीठाचे विल्यम इंग्लिश यांच्या २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्वसंरक्षणाच्या सुमारे ६६ टक्के प्रसंगांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, २१ टक्क्यांत शॉटगन आणि १३ टक्क्यांत रायफल वापरल्याचे लोकांनी सांगितले, आणि ८० टक्क्यांहून अधिक वेळा एकही गोळी झाडली गेली नव्हती. असे प्रसंग वर्षाला किती घडतात यावर मात्र टोकाचे मतभेद आहेत. सरकारी गुन्हेपीडित पाहणीतून ही संख्या लाखाच्या आत निघते, इंग्लिश यांच्या पाहणीतून सोळा लाखांच्या वर. दुसऱ्या बाजूला एफबीआयची २०१९ ची नोंद आहे. त्या वर्षी नोंदलेल्या १३,९२७ खुनांपैकी ६,३६८ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झाले, ३६४ रायफलने आणि २०० शॉटगनने. तीन हजारांहून अधिक प्रकरणांत बंदुकीचा प्रकार नोंदलेला नव्हता, ती प्रकरणे धरली तरी चित्र बदलत नाही.

ब्रायर यांच्या वाक्याला पुरावा मिळाला तो कॅलिफोर्नियातून. त्या राज्यात पिस्तूल खरेदीच्या नोंदी पूर्वीपासून ठेवल्या जात होत्या, त्यामुळे स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांना २ कोटी ६३ लाख लोकांचा मागोवा घेता आला. २०२० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे: पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत पिस्तूलधारक पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण आठपट, आणि स्त्रियांमध्ये पस्तीसपट. दोन वर्षांनी त्याच गटाने दुसरा प्रश्न विचारला. स्वतःकडे शस्त्र नाही, पण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पिस्तूल आहे, अशा लोकांचे काय? त्यांचा खून होण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून अधिक निघाली, आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याची शक्यता सातपट. या दुसऱ्या प्रकारात बळी पडलेल्या दर शंभर जणांत ८४ स्त्रिया होत्या. ज्यांच्या रक्षणासाठी पिस्तूल घेतले असे सांगितले जाते, त्या याच.

यातून लांब बंदूक निर्धोक ठरत नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात किशोरवयीन मुलांच्या बंदुकीने झालेल्या आत्महत्यांत शिकारीच्या बंदुकांचा वाटा मोठा आहे. पण कपाटाच्या वरच्या फळीवर, वेगळ्या काडतुसांसह ठेवलेली मीटरभर लांब बंदूक आणि उशाच्या खणात भरून ठेवलेले पिस्तूल यांत एक फरक राहतोच. पहिल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. चोर आला असता तो वेळ शत्रू वाटतो. संताप, नैराश्य, दारू किंवा लहान मुलाचे कुतूहल यांच्यासमोर तोच वेळ जीव वाचवतो. स्कॅलिया यांच्या यादीतला पहिलाच गुण, पटकन हाताशी येणे, हा चोर आणि घरचा माणूस यांत भेद करत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४६,७०० लोक बंदुकीने मेले, त्यांत २७,००० हून अधिक आत्महत्या होत्या. घरफोड्याला डोळ्यांसमोर ठेवून घेतलेल्या निर्णयात हा मोठा आकडा कुठेच धरलेला नसतो.

भारतात हा प्रश्न कायद्याने वेगळ्या पद्धतीने सोडवला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याला सोपी वाट ठेवली. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवे असेल तर सबळ कारण पटवून द्यायचे. म्हणजे शिकागो आणि वॉशिंग्टनने जो कल पुढे धरला आणि न्यायालयात गमावला, तोच कल भारताच्या संसदेने आधीच धरला होता. सिंधुदुर्गात किंवा आजरा-चंदगडच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या घरी दिसते ती रानडुकरांसाठीची बंदूक याच तरतुदीतली, आणि निवडणूक जाहीर झाली की अनेकदा ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

अमेरिकेतल्या मराठी घरांपुढे मात्र हा प्रश्न तिथल्याच रूपात उभा आहे. घरात सोने असते या समजुतीने भारतीय कुटुंबांना हेरणाऱ्या टोळ्या तिथे पकडल्या गेल्या आहेत. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये अशा घरांवर सशस्त्र दरोडे घालणाऱ्या एका टोळीच्या सूत्रधार स्त्रीला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. भीती खोटी नाही. ज्या न्यू जर्सीत मराठी मंडळींची मोठी वस्ती आहे, तिथे लांब बंदुकीसाठी खरेदीदाराचे एकच ओळखपत्र अनेक खरेद्यांना चालते, पिस्तुलासाठी मात्र दर खेपेस स्वतंत्र परवानगी लागते. संघीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार पिस्तूल २१ वर्षांखालच्या गिऱ्हाईकाला विकू शकत नाही, शॉटगन आणि रायफल १८ व्या वर्षीही विकू शकतो. २००५ च्या संघीय कायद्यानुसार दुकानदाराने प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा सुरक्षित पेटी देणे बंधनकारक आहे, आणि हे बंधनही लांब बंदुकीला लागू नाही.

ते कुलूप लागलेले असते का, हा पुढचा प्रश्न. संशोधकांच्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहतात जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलुपाबाहेर आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच पालकांना सुचवते की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी तिथे बंदूक आहे का आणि ती कुलुपात आहे का, हे विचारावे. एडिसनमधल्या किंवा डॅलसमधल्या आईला हे विचारणे अवघड वाटते, समोरच्याला राग येईल असे वाटते. घरात कुत्रा आहे का, मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे लक्षात राहील ना, हे ती न बिचकता विचारते. त्याच दमात हाही प्रश्न विचारायला हवा, आणि तो पिस्तुलापुरता न ठेवता कपाटातल्या शॉटगनबद्दलही विचारायला हवा.